रामाळ्याचें पाणी

चंद्रपूर शहराच्या जन्माची कथा एका रोगापासून सुरू होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा हा वर्धा नदीच्या कांठीं बल्लारपूरच्या किल्ल्यांत राहत असे. त्याच्या अंगावर गांठी आणि फोड उठले होते व वैद्यांचे सारे उपाय थकले होते. एके दिवशीं शिकारीच्या नादांत तो उत्तरेकडे दूरवर गेला आणि तहानेनें व्याकुळ झाला. समोर झरपट नदीचें पात्र होतें, पण तें कोरडें पडलेलें. शोधतां शोधतां एका खळग्यांत थोडें पाणी सांचलेलें त्याला दिसलें. तें तो प्याला, त्या पाण्यानें त्यानें हातपाय व तोंड धुतलें, आणि त्या रात्रीं कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोंप त्याला लागली. सकाळीं राणीनें पाहिलें, तों फोड मावळलेले! त्या जागीं अंचलेश्वराचें देवालय उभें राहिलें, आणि राणीच्याच सल्ल्यानें त्याच्या आसपास नवी राजधानी वसविण्याचें ठरलें. पुढें एका सशानें राजाच्या कुत्र्याचा पाठलाग केला व ज्या वाटेनें ते दोघे धांवले त्या वाटेवर शहराचा तट आंखला गेला, असा या कथेचा उत्तरार्ध आहे.

शहराचें नांव त्या वेळीं व पुढें १९६४ पर्यंत चांदा असें होतें. चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ सालीं लिहिणाऱ्या मेजर लूसी-स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्यानें गोंड राजांच्या या परंपरागत कथा आस्थेनें नोंदून ठेविल्या, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोंचल्या. सशानें कुत्र्याला पिटाळल्याची गोष्ट हिंदुस्थानांतील दुसऱ्याही राजधान्यांविषयीं सांगतात. तिच्यावर फारसा भार न देणें हेंच शहाणपणाचें. परंतु कथेचा पहिला भाग सहज सोडून देण्यासारखा नाहीं. बहुतेक राजधान्या आपला जन्म एखाद्या विजयाशीं किंवा दैवी दृष्टांताशीं जोडतात. चांद्याच्या लोकांनीं तो एका आजारी माणसाशीं आणि ओंजळभर स्वच्छ पाण्याशीं जोडला. पुढें पांचशें वर्षांनीं एक जगव्यापी सांथ या शहरावरून गेली, आणि तेव्हां शहरांतील कांहीं माणसें पुन्हां पाण्यापाशींच येऊन बसलीं. या दोन प्रसंगांच्या मध्यें जें घडलें त्याचा हा वृत्तांत आहे.

शहराची जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. पूर्वेकडून झरपट आणि पश्चिमेकडून इरई अशा दोन नद्या येतात, शहराच्या दक्षिणेस एकमेकींना मिळतात, आणि ती इरई पुढें वर्धेंत जाते. या दोन प्रवाहांच्या बेचक्यांत सुमारें साडेसात मैल घेराचा आणि पंधरा ते वीस फूट उंचीचा दगडी तट उभा राहिला. हें काम एका राजाच्या हयातींत झालें नाहीं. तें पुरें होण्यास कित्येक पिढ्या लागल्या. उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे, आणि त्यांच्या जोडीला पांच खिडक्या. दरवाज्यांवर हत्तीला नमविणाऱ्या सिंहाचें गोंडी राजचिन्ह कोरलेलें आहे.

हा तट केवळ शत्रूकरितां होता असें समजणें चुकीचें होईल. पावसाळ्यांत वर्धा नदी दुथडी भरून वाहूं लागली म्हणजे इरईचें पाणी तिच्यांत शिरूं शकत नाहीं. तें मागें फिरतें, फुगतें, आणि शहराच्या दक्षिणेकडील सखल भागांत चढूं लागतें. आकाश निरभ्र असतांना पठाणपुऱ्याकडे पूर येतो याचें परक्या माणसाला आश्चर्य वाटतें. पण तो पूर वरून पडलेल्या पावसाचा नसून खालून परतलेल्या पाण्याचा असतो. ज्यांनीं तट बांधला त्यांना हें ठाऊक असलेंच पाहिजे. तटाच्या आंतलें शहर त्या पाण्यापासून वांचत असे. तटाबाहेरच्या नदीकांठीं वस्ती करण्याची बुद्धि पुढच्या काळाला सुचली, आणि तिचें मोल पुढच्या काळालाच द्यावें लागलें.

तटाच्या आंत रामाळा तलाव. गोंड राजवटींत तलाव ही चैनीची वस्तु नव्हती. पूर्व विदर्भांत पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून जातो. जमीन भाताची आहे आणि भाताला पाणी हवें असतें तें नेमकें पावसानें ओढ दिल्यावर. म्हणून उताराच्या तोंडाशीं मातीची पाळ घालून पाणी अडविण्याची विद्या या मुलखांत फार प्राचीन काळापासून रुजली. कोहळी समाजाची तर ती कुळविद्याच झाली. गोंड राजांनीं या विद्येला एक साधी पण दूरदर्शी जोड दिली. जो कोणी तलाव खणील त्याला त्या तलावाखालीं भिजणारी जमीन सवलतीनें द्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. अशा देणगीस तुकूम म्हणत. चांदा भागांतील कित्येक खेड्यांच्या नांवांस तुकूम हा शब्द अद्याप चिकटलेला आहे, आणि खुद्द चंद्रपूर शहराच्या एका मोठ्या वस्तीचें नांवही तुकूम हेंच आहे. त्या वस्तींत राहणाऱ्या कितीजणांना आपल्या पत्त्यांत एका पाटबंधाऱ्याच्या कायद्याचें नांव लिहिलें जातें याची कल्पना असेल, कोण जाणे!

तुकूम पद्धतीचें मर्म तलाव बांधण्यांत नसून तो राखण्यांत होतें. ज्याच्या पोटाची भाकर तलावावर अवलंबून, तो गाळ सांचूं देत नाहीं. उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं गाळ उपसावयाचा आणि शेतांत घालावयाचा, पाळीवरचीं उंदरांचीं बिळें पावसाळ्यापूर्वीं बुजवावयाचीं, मासे धरावयाचे ते ठराविक काळीं; हें सारें कोणी हुकूम न करतां चालत असे. इंग्रजी अमलांत या तलावांची मालकी मालगुजारांकडे गेली आणि तेही, बरेवाईट कसे का असेनात, गाळ काढवीत राहिले. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपुष्टांत आली. रयतेच्या मानेवरचें एक जोखड उतरलें हें न्याय्यच झालें. परंतु त्याबरोबर तलाव सरकारजमा झाले, आणि पूर्वीं ज्याला तलावाची काळजी वाटत असे तो माणूस नाहींसा झाला. त्याच्या जागीं दुसरा कोण, हें कायद्यानें सांगितलें नाहीं.

मधल्या काळाचा राजकीय इतिहास येथें दोन वाक्यांत उरकला तरी चालेल. १७५१ सालीं गोंडांचें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें, १८१८ च्या मे महिन्यांत इंग्रजांनीं तटाला खिंडार पाडून शहर घेतलें, आणि भोसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर हा मुलूख त्यांच्या प्रत्यक्ष अमलाखालीं आला. १८६७ सालीं चांद्याला नगरपालिका मिळाली. त्यानंतर चारच वर्षांनीं, १८७१ मध्यें, वरोऱ्यास कोळशाची खाण सुरू झाली. ती १९०६ पर्यंत चालली आणि तिची जागा बल्लारपूरच्या खाणीनें घेतली. शहर आजवर पाण्याच्या हिशेबानें जगत होतें. आतां जमिनीखालच्या काळ्या दगडाचा हिशेब त्यांत शिरला.

सांथीनंतर शहर सुधारण्याची आधुनिक कल्पना आपल्याकडे आली ती मुंबईहून. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत गांठीचा ताप दिसूं लागला आणि मूळच्या गोव्याच्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं हा प्लेग आहे असें निदान केलें. पुढच्याच वर्षीं सांथरोगांचा कायदा झाला, आणि १८९८ सालीं मुंबई सुधारणा मंडळाची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडावयाच्या, समुद्रावरचा वारा आंत खेळेल असे रुंद रस्ते काढावयाचे, उत्तरेकडे दादर व माटुंगा येथें ऐसपैस वसाहती आंखावयाच्या, असा त्या मंडळाचा कार्यक्रम होता. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्या खटपटीचें फळ आहे. रस्ते चांगले झाले यांत शंका नाहीं. परंतु मंडळानें पाडलेल्या खोल्यांमागें नव्या खोल्या लवकर उभ्या राहिल्या नाहींत, आणि घर गेलेला मजूर दादरच्या टुमदार घरांत न जातां शेजारच्या चाळींत, आधींच भरलेल्या खोलींत शिरला. सुधारणा झाली ती वाऱ्याची. ज्यांच्यासाठीं ती करावयाची ते तिच्या बाहेर राहिले. नागपुरासही १९३६ च्या कायद्यानें याच धर्तीचें मंडळ मिळालें.

प्लेगनंतर बावीस वर्षांनीं इन्फ्लुएंझा आला. १९१८ च्या उन्हाळ्यांत तो मुंबईस उतरला, पावसाळ्यांत मंदावला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरांत असा उसळला कीं हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं. त्या वर्षीं पाऊसही दगा देऊन गेला होता. धान्य महाग, चारा दुर्मिळ. ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतांत मृत्यूचें प्रमाण सर्वांत मोठें ठरलें तें मध्यप्रांत आणि वऱ्हाडांत, म्हणजे ज्या प्रांतांत चांदा जिल्हा मोडत होता त्यांतच. इतका मोठा प्रलय. पण त्याच्यामागें एकही रस्ता, एकही वसाहत, एकही मंडळ उरलें नाहीं. याचें कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. प्लेगचा दोष घरांवर आणि उंदरांवर घालतां येत होता, पटकीचा दोष पाण्यावर. घर पाडतां येतें, विहीर बुजवितां येते. परंतु जो रोग नुसत्या श्वासानें पसरतो त्याच्यासाठीं काय पाडावयाचें आणि काय बांधावयाचें? लोकांनीं प्रेतें जाळलीं, पुरलीं, नदींत सोडलीं, आणि ते पुढें चालूं लागले. शंभर वर्षांनीं तसाच रोग आला तेव्हां त्या आठवणीचा उपयोग होईल असें कांहींही शहरांनीं जपून ठेविलें नव्हतें.

मात्र याच जिल्ह्यांत, शहराबाहेर, रोगांतून वस्ती उभी राहण्याचा एक वेगळा धडा घालून दिला गेला. वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनीं कुष्ठरोग्यांसाठीं आनंदवन वसविलें. महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ सालची. सहा रोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आरंभ झाल्याचें सांगतात. त्या वस्तीचें पहिलें काम देऊळ नव्हतें, दवाखाना नव्हता. विहीर खणणें हें होतें. बोटें झडलेल्या हातांनीं ती खणली गेली. पाणी लागलें आणि मग शेत, मग घर, मग शाळा. खांडक्या बल्लाळशहाच्या आख्यायिकेंत राजाच्या अंगावर जो रोग होता तोही कातडीचाच. दोन्ही ठिकाणीं आधीं पाणी आणि मागून वस्ती, हा क्रम मात्र तोच.

चंद्रपूर शहरानें हा क्रम हळूहळू उलटा केला. १९५५ सालीं ताडोबाचें राष्ट्रीय उद्यान झालें, १९८२ च्या ऑगस्टमध्यें पूर्वेकडील घनदाट वनप्रदेश तोडून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, आणि त्याच सुमारास चंद्रपूरच्या वेशीवर औष्णिक वीजकेंद्र उभें राहूं लागलें. त्याचा पहिला संच १९८३-८४ मध्यें चालू झाला. वाढत वाढत त्याची शक्ति तीन हजार मेगावॅटच्या आसपास पोहोंचली. अर्ध्या महाराष्ट्राच्या घरांत दिवा लागावा म्हणून चंद्रपुरानें कोळसा जाळला. पाणी इरईच्या धरणाचें. तेंच पाणी वीजकेंद्राला आणि तेंच शहराच्या नळाला. २०१० च्या उन्हाळ्यांत धरण आटलें तेव्हां वीजकेंद्राचे कांहीं संच बंद ठेवावे लागले. त्याच्या आदल्या वर्षीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांचें मोजमाप प्रसिद्ध केलें होतें; त्यांत चंद्रपूरचा आंकडा ८३.८८ आला. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद यांच्या मागोमाग देशांत चौथा क्रमांक! एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणारें हें शहर. त्यावर राखेची आणि कोळशाच्या धुळीची ही भर. २०११ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण नांव मोठें झाल्यानें श्वास मोकळा होत नाहीं.

रामाळ्याची दशा याच काळांत पालटली. तलावाला पाणी पुरविणारे जे पावसाळी ओहोळ होते त्यांतून सांडपाणी वाहूं लागलें. मच्छी नाला हा त्यांतला मुख्य. सांडपाण्याबरोबर येणारे क्षार म्हणजे पाणवनस्पतींना खतच. दक्षिण अमेरिकेंतून शोभेसाठीं आपल्याकडे आणलेली जलपर्णी अशा पाण्यांत इतक्या वेगानें पसरते कीं पाहतां पाहतां पाण्याच्या जागीं हिरवें शेत दिसूं लागावें. तिच्या पानांखालीं उजेड पोहोंचत नाहीं, कुजणारीं मुळें पाण्यांतला प्राणवायु ओढून घेतात, मासे मरतात, आणि दर वर्षींचा कुजका थर तळाशीं बसून तलाव वर वर येऊं लागतो. तलाव मरतो तो आटून नव्हे, भरून. काठावरच्या विहिरींना तलाव जें पाणी झिरपून देत असे तेंही मग पिण्याच्या लायकीचें राहत नाहीं. पूर्वीं ज्यानें गाळ उपसला असता तो तुकूमदार केव्हांच गेला होता, आणि नळ घरोघर आल्यामुळें तलावाकडे पाहण्याची गरज कोणाला उरली नव्हती.

२०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाची सांथ आली. मुंबईच्या प्लेगसाठीं केलेला १८९७ चा कायदा राज्य सरकारनें पुन्हां बाहेर काढला, आणि २५ मार्चपासून सारा देश बंद झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या हद्दींत या बंदीचें पहिलें रूप दिसलें तें रोग्यांच्या रूपानें नव्हे, चालणाऱ्या माणसांच्या रूपानें. दर वर्षीं धान निघाल्यावर या दोन जिल्ह्यांतील हजारों माणसें, कुटुंबेंच्या कुटुंबें, मिरची तोडावयास तेलंगणांत जातात. काम थांबलें, मोटारी थांबल्या, आणि डोईवर मिरचीचीं पोतीं घेतलेलीं माणसें गोदावरी-प्राणहितेच्या बाजूनें रानवाटांनीं आपल्या गांवांकडे पायीं निघालीं. शहरें त्यांना ठेवून घेऊं शकलीं नाहींत. तीं शहरांपासून जंगलाकडे परतत होतीं. रोग या भागांत खऱ्या अर्थानें शिरला तो मे महिन्यांत.

गांवीं पोहोंचलेल्यांना त्या वर्षीं काय मिळालें हें पाहण्यासारखें आहे. मार्च-एप्रिल हा मोहफुलें वेंचण्याचा काळ, मे हा तेंदूपानांचा. गडचिरोलीच्या पुष्कळ गांवांत हें उत्पन्न आतां ग्रामसभेच्या हातांत आहे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीनें २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला. जंगल तेंच, झाडें तींच. फरक एवढाच पडला कीं कोणता बांबू तोडावयाचा, कोणता राखावयाचा आणि पैसा कसा वांटावयाचा हें गांवांतील सर्व स्त्रीपुरुष एकत्र बसून, एकमत होईपर्यंत चर्चा करून ठरवूं लागले. २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवानेही गांवाच्या हातीं आले, आणि तो परवाना देण्यास केंद्रीय मंत्री स्वतः त्या गांवीं गेले. हें सुखाचें आगर आहे असें कोणी समजूं नये; दारिद्र्य आहे, मलेरिया आहे, दवाखाने दूर आहेत. परंतु बाजार बंद पडले तेव्हां या गांवांपाशीं एक गोष्ट होती जी चंद्रपुरापाशीं नव्हती. सामाईक ठेव्याचा राखणदार कोण, हें तेथें लहान मुलालाही सांगतां येत होतें. तुकूम देणाऱ्या गोंड राजांची नीति राजधानींत लोपली आणि त्यांच्याच जातभाईंच्या खेड्यांत नव्या कायद्याच्या रूपानें पुन्हां उगवली, याला इतिहासाची थट्टा म्हणावें कीं न्याय म्हणावा?

शहरांतही एक हालचाल सांथीच्या आधींपासून चालू होती. इको-प्रो या स्वयंसेवी संस्थेच्या तरुणांनीं मार्च २०१७ पासून जुना तट साफ करावयास घेतला. दगडांत रुजलेलीं झुडपें, बुरुजांवरचा कचरा, वर्षानुवर्षांची घाण. सकाळीं उठून, हातांत विळे-कुदळी घेऊन हीं माणसें रोज थोडा थोडा तट उघडा करीत गेलीं. महिनेच्या महिने हें काम चाललें. त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील आपल्या मासिक भाषणांत या कामाचा उल्लेख केला, तेव्हां पुष्कळ चंद्रपूरकरांना आपल्या शहराला एवढा मोठा तट आहे याची नव्यानें ओळख पटली. तट स्वच्छ झाल्यावर तटाच्या आंतल्या तलावाकडे लक्ष जाणें अपरिहार्य होतें.

पहिली लाट ओसरली होती, दुसरी यावयाची होती. अशा वेळीं, २०२१ च्या फेब्रुवारींत, इको-प्रोचे अध्यक्ष बंडू धोतरे यांनीं रामाळा तलावासाठीं अन्नत्याग सत्याग्रह आरंभिला. मागण्या अगदीं साध्या होत्या: मच्छी नाल्याचें सांडपाणी तलावांत येणें थांबवावें, गाळ काढून तलाव खोल करावा, जलपर्णी समूळ उपटावी. सारें राज्य खाटा आणि औषधें मोजण्यांत गुंतलेलें असतांना एका जुन्या तलावासाठीं उपाशी बसणें कित्येकांना वेळ चुकल्यासारखें वाटलें असेल. तो आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु मुंबईचें उदाहरण आठवावें. सांथीच्या ऐन भरांत जो निर्णय होतो तोच पुढें पन्नास वर्षें शहराचा आकार ठरवितो. भर ओसरल्यावर कोणाला कांहीं आठवत नाहीं, हें १९१८ नें दाखवून दिलें आहे. शिवाय हा रोग फुफ्फुसांचा होता, आणि राखेच्या शहरांत झाडें व पाणी यांनीं गारवा दिलेला एक मोकळा कांठ असणें याला आरोग्याशीं संबंध नाहीं असें कोणता वैद्य म्हणेल?

सरकारी आश्वासन मिळून मार्चमध्यें उपोषण सुटलें. तलावाचें पाणी सोडून देण्यांत आलें आणि त्याच उन्हाळ्यांत गाळ उपसण्यास सुरुवात झाली. एप्रिलमध्यें दुसरी लाट शहरावर कोसळली. दवाखान्यांच्या दारांत माणसें ताटकळत होतीं, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठीं धांवपळ चालली होती. आणि शहराच्या मध्यभागीं, उघड्या पडलेल्या तलावाच्या तळांतून काळा गाळ निघत होता. पिढ्यानुपिढ्या जें काम दर उन्हाळ्यांत मुकाट्यानें होत असे त्याच्यासाठीं आतां एका माणसाला उपाशी राहावें लागलें, यंत्रें आणावीं लागलीं, मंत्र्यांना बोलावें लागलें. काम झालें हें खरें, पण त्याचा भाव केवढा वाढला!

गाळ काढणें हें या प्रश्नाचें सोपें अर्ध आहे. सांडपाणी वळविणें हें अवघड अर्ध. नाला जोंवर तलावांत येतो तोंवर जलपर्णी परत येते, आणि नाला वळवावयाचा तर त्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या हजारों घरांचें मैलापाणी कोठें न्यावयाचें हें आधीं ठरवावें लागतें. तें नुसतें तटाबाहेर सोडलें तर झरपटींत जातें. झरपटींतून इरईंत, इरईंतून वर्धेंत. एका तलावाची व्याधि अशी तीन नद्यांना वांटून देतां येते, आणि कागदोपत्रीं त्याला सुधारणा म्हणतां येतें. २०२२ च्या जुलैमध्यें वर्धा चढली, धरणाचे दरवाजे उघडले, इरईचें पाणी मागें फिरलें आणि तटाबाहेरच्या सखल वस्त्यांत घुसलें. लोकांना घरें सोडून हलवावें लागलें. तटाच्या बांधणाऱ्यांना जें ठाऊक होतें तें पुन्हां एकदां घराघरांतून गुडघाभर उभें राहिलें.

अंचलेश्वराच्या देवळाजवळच, झरपटीच्या कांठीं, महाकालीचें प्राचीन मंदिर आहे. चैत्रांत तेथें मोठी यात्रा भरते; नांदेडकडून, मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून कुटुंबें येतात, आणि देवीला जाण्यापूर्वीं झरपटींत स्नान करतात. २०२० सालीं ही यात्रा भरली नाहीं, २०२१ सालींही नाहीं. २०२२ च्या चैत्रांत ती पुन्हां भरली. दोन वर्षांच्या खंडानंतर भाविक त्याच कांठावर उतरले, जेथें एका व्याधिग्रस्त राजानें वाळूच्या खळग्यांतलें पाणी ओंजळीनें प्यालें होतें. पात्रांत जलपर्णी होती. आयाबायांनीं ती हातानें बाजूला सारली, आणि मुलांना स्नान घातलें.